सलोमीमावशींचा पूर्ण देव

सलोमीमावशींविषयी लिहा, असं माझी बायको नलिनी मला कितीदा म्हणाली. आमच्या मंडळीच्या वार्षिक अंकासाठीही दोनदा मागणी झाली. दोन्ही वेळा मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळे चांगले होते. मावशींविषयी लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागली असती, आणि ती नलिनीने वाचली असती. नलिनी गेली त्याला आता दोन वर्षं झाली. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. टाळायला कारण उरलं नाही, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी मुलुंडला दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. बहुतेक जण नगर-जालन्याकडून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेले. मावशी तिकडच्याच एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकल्या होत्या आणि मुलुंडच्या एका खाजगी प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. ठेंगण्या, मनगटं पुरुषासारखी रुंद, पदराच्या पिनेला उलटं टांगलेलं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. उपासना संपल्यावर कुणी नवं बाळ दाखवायला आणलं की आधी नळावर जाऊन हात धुवायच्या, मग बाळाच्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकत राहायच्या. शेवटी दोन तळहातांत दोन वीत अंतर धरून म्हणायच्या, "एवढाच होता बघा. सगळं जग करणारा देव, एवढाच."

हे त्या कुणालाही सांगायच्या. त्यांच्या चाळीत शेजारी मालवणकडच्या पार्वतीवहिनी राहायच्या. नाताळच्या करंज्या द्यायला मी मावशींबरोबर गेलो होतो, तेव्हाचं त्या दोघींचं बोलणं अजून कानात आहे.

"तुमचो देव गुरांच्या गोठ्यात जल्माक इलो? गे बाय, एक बरो दवाखानो गावाक नाय तेका?"

"गावला असता हो, पण मी नव्हते ना ड्यूटीवर!"

"मगे तेका देव कित्याक म्हणतास?"

"वहिनी, राजालाच गादीवरून उतरता येतं. मी काय उतरणार? मी आधीच चटईवर."

पार्वतीवहिनींना पटलं की नाही कोण जाणे, पण त्या खूप हसल्या आणि करंजी मोडून अर्धी मावशींच्याच हातावर ठेवली.

मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी लहान मुलांचा शास्त्राचा वर्ग असे. त्याला आम्ही शब्बाथशाळा म्हणतो. तो वर्ग वीस वर्षं मावशींचा होता. आठवडाभर बाळंतिणींच्या किंकाळ्या ऐकणारी ही बाई रविवारी त्या वर्गात अशी खुलायची की मुलं सुट्टी झाल्यावरही उठत नसत. एका मुलीने त्यांना विचारलं होतं, "मावशी, मेलेल्या मित्राला येशू उठवणार होता ना? त्याला माहीत होतं ना? मग कबरीपाशी रडला कशाला?" मावशी म्हणाल्या, "तुला इंजेक्शन देते तेव्हा तुझी आई तोंड फिरवते की नाही? तिला ठाऊक असतं ना, तू बरी होणार? प्रेम असलं की ठाऊक असून रडू येतं. देवाला जास्तच येणार."

मी दाराशी उभा राहून ऐकायचो. तेव्हा ते सगळं मला फार आवडायचं.

मग आमचं पहिलं बाळ झालं. मुलगा. मावशींच्याच प्रसूतिगृहात, त्यांच्याच हातावर. दोन दिवस जगला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन पोचलो तेव्हा मावशी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी काही सांगायची गरज पडली नाही.

नलिनीला घरी आणल्यावर पंधरा दिवस त्या ड्यूटी संपवून रोज आमच्याकडे यायच्या. दूध आटावं म्हणून नलिनीची छाती बांधून द्यायच्या, तिची वेणी घालायच्या, तिला दोन घास भरवायच्या. एके दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात त्यांना अडवलं. म्हटलं, "मावशी, तुमचा देव कुठे होता हो त्या दिवशी?"

"इथंच होता. रडत होता."

"मला रडणारा देव नको. वाचवणारा हवा होता."

"मलाही तोच हवा होता रे, प्रभाकर," म्हणाल्या, आणि भांडी घासायला बसल्या.

त्यांनी वाद घातला असता तर माझा राग निवला असता. तो निवला नाही. देवावर रागावायची माझी हिंमत नव्हती. मी मंडळीचा चिटणीस होतो, दर रविवारी पुढच्या खुर्चीवर बसत होतो. तो सगळा राग मी मावशींच्या नावावर लावला, आणि लावतो आहे हे मला त्या वेळीही कळत होतं.

पुढच्या नाताळच्या आधी मावशींनी मुलांच्या आईवडिलांना वर्गात बसवून धडा घेतला. बाळ येशूला भूक लागायची, पोट दुखायचं, दात येताना ताप यायचा, मरीया त्याचे लंगोट धुवायची, असं सगळं. मुलं खिदळली. आमचे ज्येष्ठ पंच भास्करराव मात्र लाल झाले. "हे काय चाललंय? प्रभूचे लंगोट? ही बाई येशूला माणूस करून ठेवणार. उद्या मुलं म्हणतील, तो देव नव्हताच."

आमच्यात ही लहान गोष्ट नव्हे. येशू हा थोर गुरू किंवा संत होता, असं म्हणणारे बाहेर पुष्कळ होते, आणि चांगल्या मनाने म्हणत होते. तो पूर्ण देव आहे, यावरच आमची मंडळी उभी. हे जो मानत नाही त्याला मुलांपुढे उभं राहता येत नाही. म्हणून उपासनेनंतर पंचांची सभा बसली आणि मावशींना बोलावलं. भास्कररावांनी विचारलं, "सलोमीबाई, एकच सांगा. येशू पूर्ण देव आहे, हे तुम्ही मानता की नाही?"

मावशी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "साहेब, तो आपल्यासारखा दुबळा झाला. इतका दुबळा, की आईनं हात दिला नाही तर मान कलंडावी. आणि ती मान पूर्ण देवाची होती. तसूभर कमी नाही. अर्धामुर्धा देव असता तर मी त्याला बाळंतिणीच्या खाटेशी कशाला बोलावलं असतं? तिथं अर्ध्यानं भागत नाही."

पहिल्या वाक्यालाच भास्करराव शेजारच्या पंचाकडे वळून "ऐकलंत? दुबळा!" असं मोठ्याने म्हणाले, आणि तिथे गलका झाला. पुढचं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मी ऐकलं. मी त्यांच्या समोर होतो, मिनिट्सची वही उघडून. मी लिहिलं, 'सलोमीबाई म्हणाल्या की येशू आपल्यासारखा दुबळा होता.' आणि पूर्णविराम दिला. लिहायला वेळ होता, वहीत जागा होती, पेनात शाई होती.

आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, तीन मंडळ्या होत्या. महिन्यातून एक रविवार ते मुलुंडला येत आणि राहिलेले निर्णय वहीतली नोंद वाचून देत. ते वाचताना थबकले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी या बाईंना ओळखतो. एवढंच म्हणाल्या का त्या?"

मी म्हटलं, "हो, साहेब."

मुलांचा वर्ग काढून घेतल्याचं मावशींना पत्र गेलं. ते माझ्याच अक्षरात होतं, आणि त्यात माझं ते वाक्य होतं. पुढच्या रविवारी त्या हॉलच्या पायऱ्यांवर माझ्यासमोर थांबल्या. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत विचारणार. त्या म्हणाल्या, "नलिनीला झोप लागते का रे आता?" मी मान हलवली. त्या आत जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. वर्गातून मुलांचा आवाज येत होता. नवी शिक्षिका त्यांच्याकडून पाठांतर करून घेत होती. मावशी वर्गाच्या बंद दाराकडे बघत होत्या.

पुढे त्या प्रत्येक रविवारी आल्या. सगळे मिळून मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, म्हणायला उभे राहत, तेव्हा येशू खरा देव आहे या शब्दांपाशी शेवटच्या रांगेतून त्यांचा आवाज स्पष्ट वर यायचा. हट्ट म्हणून नाही. पहिल्यापासून तशाच म्हणायच्या. मी पुढच्या खुर्चीपाशी मान खाली घालून उभा असायचो. मुलं त्यांना विसरली नाहीत. मोठी झाल्यावर मला विचारायची, मावशींनी वर्ग का सोडला? मी सांगायचो, तब्येतीमुळे.

दुसऱ्या वेळी आम्हाला मुलगी झाली. बाळंतपण मी घाटकोपरला करवलं. जवळ चांगले डॉक्टर आहेत, असं नलिनीला सांगितलं. मावशींकडे बाळ दाखवायला न्यायचं ती म्हणाली, तर मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी ती एकटीच घेऊन गेली. आली ती हसत. "किती वेळ कान लावून बसल्या होत्या! तुम्ही का नाही आलात म्हणून विचारत होत्या." पहिलं बाळ गेल्यानंतर नलिनी इतकी मोकळी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तीच नलिनी दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलमध्ये सव्वीस दिवस होती. वाचवणाऱ्या देवाकडे मागून झालं. नंतर नंतर मला वेगळंच काही हवं झालं. तिच्या खाटेशेजारी कुणीतरी बसावं, तिच्या वेदनेची ज्याला किळस नाही, भीती नाही असं; आणि ते साधं कुणी नसावं, सगळं हातात असलेला तोच असावा. असा देव मला कुणी सांगितला होता, हे तिथं बसल्या बसल्या रोज आठवायचं. त्यांच्या तोंडून ते पुन्हा एकदा ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

संधी मिळाली नाही असं नाही. निवृत्तीनंतर मावशी कांजूरमार्गला भाचीकडे राहायला गेल्या. नलिनीच्या आजारपणाच्या काही वर्षं आधी त्या आजारी आहेत असं कळलं, तेव्हा मी गेलो. पूर्वेला एका बैठ्या चाळीत खोली, वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास. मावशी खाटेवर होत्या, निम्म्या झालेल्या. मला बघून उजळल्या. मुलुंडपासून मी एक वाक्य घोकत आलो होतो.

"मावशी..." म्हटलं.

"बोल रे."

त्या वाट बघत होत्या. घाई नव्हती त्यांना. मी नक्की काय बोलायला आलो आहे, हे त्यांना माहीत होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. मग डॉक्टर काय म्हणतात ते सगळं नीट सांगितलं, गोळ्यांच्या नावांसकट. भाचीने चहा आणला. तो मी प्यायलो, सलाम केला आणि निघालो. नवव्या दिवशी त्या गेल्या.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं: मावशी, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते शेवटपर्यंत मी ऐकलं होतं, मला माफ करा.