वणव्याच्या धुरात आई

शेकोटीचा वास आला की मला परदेशात, सँडीफोर्डमध्ये काढलेला लॉकडाऊनचा मे महिना आठवतो. विमानं बंद झाल्यामुळे माझ्याकडे आलेली आई फ्लॅटमध्ये अडकली होती, त्यात तिला दमा. एक दिवस समोरच्या डोंगरावर वणवा पेटला. रेडिओ सांगत होता, संध्याकाळी वादळी पाऊस येईपर्यंत धूर हटणार नाही. बंद खिडक्यांतूनही धूर आत येऊन आईला धाप लागली, तशी मी तिला गाडीत बसवून समुद्राकडे निघाले. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि समुद्र त्याहून लांब होता. वाटेत पोलिसाने अडवलं. मी काही बोलायच्या आत आईच खोकत म्हणाली, "ब्रीद, सर." त्याने डोंगराकडे पाहिलं आणि बाजूला होत म्हणाला, "गो ऑन, यू आर ग्रँड." म्हणजे तिकडच्या बोलीत, जा, काही हरकत नाही. किनाऱ्यावर आईने छाती भरून श्वास घेतला. ढग गडगडले, सरी कोसळल्या, तरी ती गाडीत बसेना. "भिजू दे गं, इतक्यात त्या घरात नको." तिला 'चल' न म्हणता मीही तिच्याशेजारी भिजत उभी राहिले.