एकतीस रुपये पंधरा आणे

७ सप्टेंबर १९२३. एकतीस रुपये पंधरा आणे. भडगावच्या कचेरीत महालकऱ्यांनी झुलालच्या शेतसाऱ्याचा हा आकडा मोठ्याने वाचला आणि मतदारयादीतल्या त्याच्या नावावर लाल रेघ ओढली.

मुंबईच्या कौन्सिलसाठी मत द्यायचे तर सारा बत्तीस रुपये लागे. तलाठ्याने एका आण्याकडे काणाडोळा करून झुलालचे नाव घातले होते, आणि वर्षभर कोणाची हरकत आली नव्हती. हरकत घेतली ती मोतीलालने. त्याची गावात सरकी काढायची जिनिंग होती आणि तो एका उमेदवाराचे काम करत होता. त्या उमेदवाराला मत देईन असा शब्द झुलालने दिला नव्हता, एवढेच कारण.

कचेरीच्या ओट्यावर चाळीसेक माणसे होती. मोतीलालने खिशातून आणा काढला, झुलालच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "घे झुलाल. सरकारात भर आणि पुढच्या खेपेला ये."

माणसे हसली. झुलालने आणा फेकला नाही. मुठीत धरून तो गिरणा नदी उतरून घरी गेला, तो आणा त्याने कडोसरीच्या पिशवीत घातला आणि पुन्हा कधी खर्चला नाही.

सारा तीस वर्षांसाठी ठरलेला, तो वाढणे शक्य नव्हते. बांधाला लागून चार गुंठे विकत घेतले असते तर आणा भरून निघाला असता. पण शेजाऱ्यांचा कापूस मोतीलालच्या जिनिंगला जात असे आणि कोणी गुंठाभरही विकेना. १९२६ ची निवडणूक गेली, १९३० ची गेली. गावात त्याला 'आणाकम' हे नाव पडले. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारी, "आणाकमभाऊ, बुंदी पूर्ण वाढू की आणा ठेवू?" झुलाल पानावर हात आडवा धरी.

मग नवा कायदा आला. साऱ्याची अट आठ रुपयांवर उतरली आणि फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीसाठी झुलालचे नाव यादीत आले. बत्तीस रुपये भरणाऱ्यांच्या बायकांनाही मत मिळाले. झुलालची बायको मंजुळाबाई तेवढ्या एका आण्याने पुन्हा बाहेर राहिली. आणि या वेळी मोतीलाल स्वतः उमेदवार होता.

झुलालने यादी मागवली आणि आठवडाभर वाचली. बायकांची नावे तिच्यात 'अमक्याची बायको' अशी होती. मोतीलालची भिस्त याच मोठ्या घरांवर होती, हे त्याला माहीत होते. यादी मिटून तो मंजुळाबाईला म्हणाला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सांगतो त्या अकरा घरी जा आणि बायांकडून उखाण्यात नवऱ्याचे नाव वदवून घे, पुन्हा पुन्हा, जीभ अडखळणार नाही इतके. ती अकरा घरे जीवराम वकिलाच्या बाजूची होती. जीवराम मोतीलालच्या विरुद्ध उभा होता. मंजुळाबाईला गंमत वाटली. ती तिळगूळ घेऊन गेली.

मतदानाच्या दिवशी झुलाल जीवरामचा प्रतिनिधी म्हणून शाळेत बाकावर बसला. मोतीलालच्या बाजूच्या बाया सजवलेल्या गाड्यांतून आल्या, बत्तीस जणी. पहिलीला अधिकाऱ्याने नवऱ्याचे नाव विचारले. तिने पदर पुढे ओढला आणि दीर सांगू लागला. झुलाल उठला. मतदाराने आपली ओळख स्वतः सांगितली पाहिजे, दुसऱ्याने सांगितलेली चालणार नाही, अशी हरकत त्याने घेतली. कोणी म्हणाले, चिठ्ठीवर लिहून आणू. झुलाल म्हणाला, चिठ्ठी कोणाच्याही हातात येते. अधिकाऱ्याने नियम पाहिला आणि मान हलवली.

अकरा घरच्या बाया आल्या, उखाणा घेतला, मत टाकून गेल्या. मोतीलालच्या बत्तीस जणींपैकी एकीनेही चार परक्या पुरुषांत नवऱ्याचे नाव घेतले नाही.

शेवटची कमलबाई, मोतीलालची बायको. मोतीलाल दारातच उभा होता.

"घे नाव," तो म्हणाला. "मीच सांगतोय ना."

"मी नाव लेत नही," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

झुलाल सावकाश म्हणाला, "नाव नाही तर मत नाही, शेठ. पुढच्या खेपेला आणा."

शाळेच्या ओट्यावरची माणसे हसली. चौदा वर्षे झुलालने हेच हसणे मनात ऐकले होते.

मोतीलाल सव्वीस मतांनी पडला. निकालाच्या संध्याकाळी मंजुळाबाईने झुलालला जेवण वाढले, पण शेजारी बसली नाही. ती म्हणाली की मला आधी सांगितले असते तर मी कमलबाईच्या घरीही गेले असते. तिने तुमचे काय बिघडवले होते? झुलालने पुढचा घास उचलला.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीतला आणा परत करायला मोतीलालच्या दारी गेला. मोतीलाल बाहेर आला नाही. कमलबाई उंबऱ्यापाशी आली, त्याच्या तळहाताकडे पाहिले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, तुमनाजोडेच. ज्या दिन माले नाव लेता ई, त्या दिन मांगसू." नाव घेता येईल त्या दिवशी मागेन, एवढे सांगून ती आत गेली.

पुढची निवडणूक १९४६ त झाली. मोतीलाल उभा नव्हता, अर्धांगाने खाटेवर होता. जीवराम पुन्हा उभा होता आणि झुलाल त्याच बाकावर बसला होता. पिशवीत आणा होता. कमलबाई पायी आली. अधिकाऱ्याने विचारण्याआधीच तिने पदर मागे सारला, झुलालकडे पाहिले आणि नवऱ्याचे नाव घेतले. उखाणा नाही, नुसते नाव. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू गेले. मग अधिकाऱ्याला ऐकू आले नसेल म्हणून तिने ते पुन्हा घेतले.

कोणी हसले नाही. झुलालने पिशवी सोडली आणि आणा पुढे केला. ती मत टाकून त्याच्या समोरून गेली. हात पुढे केला नाही.

झुलाल १९४७ च्या उन्हाळ्यात वारला. मोतीलालचा एक आणा त्याच्याकडून येणे आहे.