लाईनमन काकांचा सहावा स्पीकर

लाईनमन काकांनी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते विचारायचे, "आवाज येऊन राहिला का?" टेलिफोन खात्यात खांबावर चढून हेच विचारण्यात त्यांची उमर गेली होती. मग लग्नात भेटोत की दवाखान्यात, प्रश्न तोच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सेनगावात शिक्षिका म्हणून आले आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिले. ट्रंक टेकवते न टेकवते तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, माझा आवाज येऊन राहिला का?" मी म्हटलं, येतोय की. तर म्हणाले, "मंग भिंत पातळ हाय. जपून बोलत जा."

आठवडाभर ते खात्याचे आणि रविवारी गावाचे; ज्याच्या घरी काम, त्याची जीप त्यांना न्यायला यायची. तेव्हा घराघरात टेप होता, रेडिओ होता, टीव्ही आला, त्याच्यामागून सीडी प्लेअर आला, आणि मग ज्याची सोयाबीन बरी झाली तो नांदेडहून होम थिएटर घेऊन यायचा. पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर. आता या एका पेटीला घरातली चारही यंत्रं जोडायची कशी? लोक सरळ दोन यंत्रांच्या वायरी सोलून एकत्र पिळायचे आणि एकाच भोकात कोंबायचे. मग बातम्या आणि भजन एकदमच सुरू! काकांचा तिळपापड व्हायचा. "अरे, दोघं संगंच बोलले तर ऐकणाऱ्यानं काय करावं?"

पुसेगावच्या एका बड्या शेतकऱ्याकडे तर पाचही स्पीकर शोकेसवर देवासारखे ओळीने मांडलेले होते, वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढता. काकांनी त्यातले दोन उचलून पलंगाच्या मागे नेले. घरधनीण चिडली, "एवढं महागाचं सामान पाठीमागं काहून दडवून राहिले?" काका शांतपणे म्हणाले, "मागचा आवाज मागूनच आला पाहिजे, माय. तवा मान फिरते." तिने ऐकलं, पण काका निघाल्यावर स्पीकर पुन्हा शोकेसवर गेले असणार, अशी माझी खात्री आहे.

त्यांची कामाची रीत निराळी होती. वायरीला हात लावण्याआधी ते घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचे. कुणाला काय ऐकायचंय, केव्हा ऐकायचंय, हे विचारायचे. म्हातारीला पहाटेचा रेडिओ, सुनेला टीव्ही, पोराला सिनेमा. मग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक फिरता स्विच बसवून त्यावर खडूने एक, दोन, तीन, चार लिहून द्यायचे. ज्याने त्याने आपला आकडा फिरवावा. खरखर आली, एका बाजूचा आवाज गेला, तर ते यंत्राला कधीच दोष देत नसत. "मशीन बराबर हाय. सांधा सैल झाला आसंल," एवढंच. माणसांविषयीही त्यांचं हेच मत होतं, आणि त्यातच त्यांची गफलत झाली.

कारण त्यांच्याच घरात काकूंचे कान जात चालले होते. हाक मारली की त्या उशिरा वळायच्या. काकांना वाटलं, स्वयंपाकघर मागे पडतं, आवाज पोचत नाही. घरी होम थिएटर आणलं तेव्हा त्यांनी पाचांच्या जोडीला सहावा स्पीकर लावला, तो खास काकूंसाठी, डाळीच्या डब्यांच्या फळीवर. सकाळी बुद्धवंदनेची कॅसेट, दुपारी रेडिओ, संध्याकाळी मालिका, सगळं तिला चुलीपाशी ऐकू यावं, हा त्यांचा ध्यास. आवाज पोचत नाही म्हणून कधी जाड वायर, कधी स्पीकरभोवती मोठा डबा, कधी तोच हातभर खाली. दर रविवारी काही ना काही सुरूच. लोकांकडे जाणंही त्यांनी जवळजवळ बंद केलं. दारात येऊन विचारायचे, "आता?" काकू स्पीकरवर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "व्हय. आता बराबर."

मला सगळं दिसत होतं. कुकरच्या शिट्ट्या त्या वाफेकडे बघून मोजायच्या. माझ्याशी बोलताना नजर माझ्या तोंडावर. एकदा मी म्हटलं, काकू, नांदेडला कान दाखवून या. त्यांनी माझा हात दाबला आणि "ह्यांना बोलू नका" एवढंच म्हणाल्या. मी बोलले नाही. भाडेकरूने कशाला नाक खुपसावं, असं मनाशी म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात वांगी चिरत बसले होते. काकू भाकरी थापत होत्या. बाहेर वंदना चालू होती. काका दारात आले आणि म्हणाले, "आता येऊन राहिला का?"

"व्हय. लई साफ," काकू म्हणाल्या.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. सहाव्या स्पीकरची वायर त्यांच्याच हातात होती, सोललेली, कुठेही न जोडलेली.

त्यांनी वायर खाली ठेवली. मग तिच्यासमोर खाली बसले. "कवापासून?"

"दोन वर्सं झाली आसतील."

"अन् मला काहून सांगितलं न्हाई?"

काकूंनी पिठाचे हात परातीत झटकले. "सांगितलं आसतं तर तुमी ही वायर सोडून परत लोकाच्या जीपमधी बसले आसते. लगीन झाल्यापासून तुमचा एक आईतवार मला दिसला न्हाई. ह्या डब्यापायी घरी तर राहून राहिले."

मी मान खाली घालून वांगी चिरत राहिले. उठावं की बसावं, तेही कळेना.

काका दुसऱ्याच दिवशी तिला नांदेडला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. कानाचं यंत्र मिळालं, पण त्याची तिला तकलीफच जास्त, ऐकू येणं थोडं. त्या दिवसांत काका चिडले नाहीत, रडलेही नाहीत. रविवारी मात्र ते माजघराच्या पुढे येईनासे झाले.

माझी बदली झाली, तो दिवस रविवारच होता. साखऱ्याहून कुणीतरी नवं होम थिएटर आणलं होतं आणि काकांना न्यायला जीप दारात उभी होती. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून कंटाळून निघून गेला. मी निरोप घ्यायला आत गेले. काका चुलीसमोर लसूण सोलत बसले होते आणि काकूंना काहीतरी लांबलचक सांगत होते, आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून. आणि काकू खळखळून हसत होत्या.