मॉडेलमधला चालू कारखाना

चकलांब्याजवळच्या डोंगरावरच्या आमच्या पवनचक्क्या पुन्हा ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. त्या झटक्यानं खालच्या पाणीयोजनेचा पंपही बंद पडला. दुष्काळाचं वर्ष, विहिरी आटलेल्या. पंप चालला तरच गावाला प्यायला पाणी.

पुण्याहून साहेबांचा फोन आला. मॉडेल बरोबर आहे म्हणे, साइटवर तुम्हीच घोळ घातलाय. माझं डोकंच फिरलं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर आकड्यांत उभी केलेली ग्रिड, वीजवाहिन्यांचं जाळं. त्यात चक्क्या झकास फिरत होत्या. खऱ्या ग्रिडवर मात्र टिकत नव्हत्या.

आमच्या चक्क्या जुन्या पद्धतीच्या. वीज देतात, पण व्होल्टेजसाठी ग्रिडच्या आधारावर असतात. आधार कमी पडला की ट्रिप. मॉडेलमध्ये हा आधार येतो कुठून, ते एकेक जोडणी उघडून बघत बसले. त्याच सबस्टेशनला जोडलेला सहकारी साखर कारखाना सापडला. उसाच्या चिपाडावर चालणारा त्याचा जनरेटर मॉडेलमध्ये जोरात चालू, व्होल्टेजला आधार तोच देत होता. अहो, पण यंदा ऊसच नाही तर गाळप कुठलं! तोडीला जाणारी माणसंसुद्धा परजिल्ह्यात गेलेली. मी जनरेटर बंद करून मॉडेल चालवलं. चक्क्या ट्रिप झाल्या, अगदी डोंगरावरच्यासारख्या. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

कारखान्याच्या यार्डात कपॅसिटर बँक वापराविना पडून होती. ती वीज बनवत नाही, पण व्होल्टेज सावरते. मॉडेलमध्ये ती जोडली आणि चक्क्या टिकल्या. मग चेअरमन नानांकडे गेले. संचालक कुरकुरत होते, बंद कारखान्यात काही जळलं तर निस्तरायचं कुणी?

"ताई, तुमचं मॉडेल आत्तापर्यंत चुकतच आलंय न्हाई का?" नाना म्हणाले.

"चुकत होतं, कारण त्यात तुमचा कारखाना चालू होता."

"तिथं तरी चालू होता म्हणायचा." नाना म्हणाले आणि कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडे वळले. "जोडून द्या यांना. गावात आपलेच सभासद हायेत. त्यांना पाणी लागतंय."

संध्याकाळी वारा चढला. चक्क्या फिरत राहिल्या, पंप चालला, गावाची टाकी भरली. पाऊस येईपर्यंत नानांनी ती बँक चालू ठेवली, वर कधी बोलूनही दाखवलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

साहेबांनी विचारलं, नेमकं काय केलंत? म्हटलं, तुमच्या मॉडेलमधला कारखाना बंद केला.

आता नव्या साइटवर बोलावलं की मी वाऱ्याचं नंतर विचारते. आधी विचारते, यंदा ऊस आहे का?