शेडमास्तरांचा नमुना

"काळा? याला काळा म्हणतेस तू? अगं, ज्याला शेड कळत नाही तो कावळ्यालाही काळा म्हणेल."

"मग कावळा कसा असतो?"

"निळसर असतो. उन्हात बघ कधी. आणि हा तपकिरीकडे झुकणारा राखी आहे, वर हिरव्याची किंचित झाक. ही चौकट बघ नि हा बघ. एका डब्यातून काढल्यासारखे आहेत की नाही?"

"अहो, मला एवढंच दिसतंय की आणला तेव्हा हिरवा होता नि आता वाळक्या शेंगेसारखा झालाय. शेंगेला डोळे फुटले असते तर अशीच दिसली असती."

हे बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चाललं होतं. ज्याच्याबद्दल चाललं होतं तो प्राणी, शेपटी सोडली तर बोटाच्या दोन पेरांएवढा, चौकटीला चारी पायांनी गच्च धरून बसला होता. एक डोळा नवऱ्याकडे, एक बायकोकडे. भांडणात दोन्ही बाजू बघायची सोय देवाने फक्त याच जातीला दिलेली आहे.

ते होतं रंग बदलणाऱ्या सरड्याचं पिल्लू. नाव 'नमुना'. नाव ठेवलं तेव्हाच बायको म्हणाली होती, "घरात एक होता, तो पुरला नाही वाटतं."

आधीचा नमुना, म्हणजे नवरा, गाड्यांना रंग मारायच्या गॅरेजमध्ये कामाला होता. त्याला सगळे शेडमास्तर म्हणत. गाडीचं एखादं दार चेपलं, ठोकून सरळ केलं, की त्याला रंग मारायचा तो उरलेल्या गाडीशी जुळला पाहिजे. जुनी गाडी उन्हाने विटलेली असते, डब्यातला रंग नवाकोरा असतो. मग शेडमास्तर डोळे बारीक करून गाडीभोवती फिरणार, मान तिरकी करणार, "पिवळा चार थेंब, काळा अर्धा थेंब," असं पुटपुटणार आणि असा रंग कालवणार की गाडीच्या मालकालाही आपलं कुठलं दार चेपलं होतं ते आठवू नये. अर्धा थेंब कसा मोजतात हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मास्तर चार दिवस बोलले नसते.

मग मालकाने यंत्र आणलं. दिसायला दाढी करायच्या मशीनसारखं. गाडीच्या पत्र्याला टेकवलं की शेजारच्या पडद्यावर रंगाचं माप हजर. मास्तरांना दुपार लागायची ते काम यंत्र शिंक आवरायच्या आत करू लागलं. मालक तसा भला माणूस. म्हणाला, "मास्तर, तुमच्या डोळ्यांना आता आराम." आणि आराम म्हणून त्यांच्या हातात पाणीपेपर दिला. म्हणजे ओला करून पत्रा घासायचा कागद. डोळे मिटूनही करता येतं असं काम.

मास्तर घासत राहिले आणि आतल्या आत फुगत राहिले. अशात एका रविवारी त्यांना पक्षी विकणाऱ्याच्या दुकानात हे पिल्लू दिसलं. पक्षीवाला म्हणाला, "ज्यावर ठेवाल तो रंग घेतो, साहेब. जन्मजात कारागीर." पक्षीवाला पोपटसुद्धा 'बोलतो' म्हणून विकायचा आणि तो पुढे बोलला नाही तर 'लाजतो' म्हणायचा. पण जन्मजात कारागीर हा शब्द मास्तरांच्या काळजात जाऊन बसला. यंत्राला पत्र्यावर टेकवावं लागतं. हा नुसता बसेल आणि रंग जुळवेल! एकदा याला तयार करायचा, गॅरेजमध्ये न्यायचा, मालकाच्या त्या दाढीच्या मशीनशेजारी बसवायचा आणि म्हणायचं, बोला.

घरी आल्यावर शिकवणी सुरू झाली. मास्तरांनी प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून घर केलं आणि भिंतींना रंगाचे नमुना-कागद चिकटवले. आज लाल, उद्या निळा, परवा पांढरा. पिल्लू कागदाशेजारी बसायचं आणि तपकिरी व्हायचं. मास्तर डोळे बारीक करायचे. "लालाकडे चाललाय बघ. जरा काळा जास्त पडलाय, पण चाललाय." निळ्यावर ते तपकिरी झालं, तेव्हा म्हणाले, "निळा अवघडच असतो." पांढऱ्यावर तर ते गडद होऊन अंगावर ठिपके उठले. मास्तर म्हणाले, "बंड करतोय. हुशार मुलं करतात."

पाण्याला वाटी ठेवली होती. पिल्लाने वाटीकडे ढुंकून पाहिलं नाही. बायको रोज पाणी बदलायची आणि म्हणायची, "हा पीत नाही हो." मास्तर म्हणायचे, "कारागीर माणूस कामात पाणी विसरतो." खायला घरातल्या मोठ्या माश्या पकडून डब्यात सोडल्या जायच्या. माशी पिल्लाच्या डोक्याएवढी. जेवण अंगावर धावून आलं की कोणीही कोपरा धरेल, तसा पिल्लाने धरला. आणि दिवसातून चार वेळा मास्तर रंग पातळ करायच्या थिनरचा वास मारणाऱ्या हातांनी त्याला उचलून, उजेडात धरून, शेड तपासायचे.

"मला तर वाटतं त्याला बरं नाही," बायको म्हणाली.

"तुला माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला बरं नाहीसं वाटतं."

"कारण प्रत्येकाला नसतंच."

शेवटी प्रयोगाचा दिवस उजाडला. मास्तर डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले. तिथे एका गाडीचं निळं बॉनेट रंगवून वाळवून ठेवलेलं होतं. डेंटर, म्हणजे पत्रे ठोकून सरळ करणारा, हातोडी टाकून आला. हिशेबाच्या बाई खुर्चीवरून उठून आल्या. मालक चहाचा कप घेऊन आला. मास्तरांनी पिल्लू अलगद बॉनेटच्या मधोमध ठेवलं आणि मागे सरकून हात बांधून उभे राहिले.

पिल्लू काळं झालं. आता तपकिरी नाही, राखी नाही, कावळ्यासारखं निळसरही नाही. चुलीतल्या कोळशासारखं काळं. त्याने तोंड उघडलं, दोनदा झुललं आणि एका कुशीवर कललं.

"मास्तर," डेंटर म्हणाला, "निळा कधी येणार? की आधी खालच्या थराचा प्रायमर मारतोय?"

मालकाने गंमत म्हणून यंत्र आणलं आणि पिल्लाच्या जरा वर धरलं. पडद्यावर अक्षरं आली: जुळणारा रंग सापडला नाही.

सगळे हसले. हिशेबाच्या बाई तर टेबलाला धरून हसल्या. एरवी मास्तरांनी हा प्रसंग मानापमानाच्या खात्यात मांडून वर्षभर व्याज लावलं असतं. पण ते पिल्लाकडे बघत होते. त्याचे डोळे मिटले होते. भर दिवसा, एवढ्या गोंगाटात, आणि ते बारके शंकूसारखे डोळे आत गेल्यासारखे दिसत होते. घरी ते मागे-पुढे सतत फिरत असायचे. मास्तरांनी आजवर त्या प्राण्याच्या कातडीखेरीज काही बघितलंच नव्हतं. आता पहिल्यांदा डोळे बघितले, तर ते बंद.

"हा मरतोय," मास्तर म्हणाले. आणि पिल्लाला डब्यात ठेवून, कोणाची परवानगी न घेता निघाले.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती आणि तिच्या समोर एक मांजर, दोन ससे आणि त्यांचे रडवेले मालक रांगेत होते. मास्तरांनी डबा पुढे केला तसे सगळे न सांगता बाजूला झाले. काही थिनरच्या वासाने झाले असतील.

"किती दिवस असा गडद आहे?"

"गडद नाही ओ, शेड खोल होत गेली. मी शिकवत होतो ना त्याला. लाकडावर लाकडासारखा झाला होता."

"आणि लालवर?"

"तपकिरी."

"पांढऱ्यावर?"

"तपकिरीच. पण वेगळा तपकिरी."

"काका, हिरवा कधी होता का?"

"पहिल्या दिवशी होता. मी म्हटलं, अजून शिकला नाही."

डॉक्टरणीने कपाळाला हात लावला नाही, कारण हातात पिल्लू होतं. "काका, हा खाली काय ठेवलंय ते बघून रंग बदलत नाही. घाबरला, गारठला, तहानला, की गडद होतो. हिरवा असतो तेव्हा बरा असतो. तुम्ही त्याला शिकवत नव्हता. तो इतके दिवस तुमच्या तोंडावर ओरडत होता आणि तुम्ही त्याला गुण देत होता."

मास्तरांनी ऐकून घेतलं. आयुष्यात रंगाबद्दल दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

तिने खिडकीतली कुंडी ओढली, पानांवर पाणी शिंपडलं आणि पिल्लाला फांदीवर ठेवलं. थेंब पानाच्या टोकाला जमला, चमकला, ओघळला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक डोळा उघडला. मग जबडा हलला. पिल्लाने पान चाटलं, पुन्हा चाटलं.

"वाटीतलं साचलेलं पाणी याला पाणी वाटतच नाही," ती म्हणाली. "पानावरचा हलता थेंब लागतो. डब्यात हवा खेळत नाही, जाळीचा पिंजरा करा, आत झाड ठेवा, वर दिव्याची ऊब द्या, पण अंतरावर. दोन डोळ्यांमध्ये जेवढी जागा आहे तेवढीच माशी, त्याहून मोठी नाही. हात लावायचा नाही. आणि हा वास घेऊन जवळ जायचं नाही."

"वाचेल का?"

"प्यायला, चांगलं झालं. आता खातो का बघा. खाल्लं तर वाचेल. नाहीतर काही सांगता येत नाही."

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरात क्रांती झाली. दाराशी येताच कपडे बाहेर, अंग साबणाने खसखसून धुणं, मग आत. बायको टॉवेल देताना म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगतेय की त्या वासाने डोकं उठतं. तेव्हा साबण मिळत नव्हता वाटतं."

"तुला पानावरचं पाणी लागत नव्हतं."

"मला लागायचं ते विचारलं कोणी?"

झाडांवर पाणी उडवायची नवी बाटली आली. तिचा फवारा मास्तरांना पसंत पडेना. "फाटतोय बघ. कडेला जाड, मधे पातळ." तोंड फिरवून फिरवून त्यांनी तो धुक्यासारखा बारीक केला आणि वीतभर अंतरावरून डावीकडून उजवीकडे, एकावर एक पट्टा चढवत, पानं भिजवली. पहिला हात, थांबणं, दुसरा हात.

"वरून पॉलिश करायचं राहिलं," बायको म्हणाली.

सगळ्यात मोठा बळी तिचाच गेला. बारक्या माश्या हव्या, तर त्या पैदा कराव्या लागणार. सडकं केळं बरणीत घालून तोंडाला फडकं बांधायचं. जिने उभा जन्म माश्या मारण्यात घालवला तिच्या ओट्यावर आता माश्यांची गुरं राखली जाऊ लागली. तिने बरणीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आईने एकदा विचारलं होतं, मुलगा पसंत आहे ना? तेव्हा नीट विचार करायला हवा होता."

पण माश्या पिंजऱ्यात सोडायचं काम तिनेच घेतलं. कारण मास्तर समोर गेले की पिल्लू लगेच काळं पडायचं आणि पानामागे जायचं. मोठं डोकं, बारीक केलेले डोळे, वर झुकलेला चेहरा: त्याच्या लेखी हा प्राणी आपल्याला खायला येतो. मास्तरांनी वाद घातला नाही. पिल्लाचा अनुभव बघता त्याचं मत साधार होतं.

म्हणून सकाळी ते दाराआड उभे राहायचे आणि बिजागरीच्या फटीतून बघायचे. सोडलेली माशी तशीच फिरत राहायची. पिल्लू प्यायचं, खायचं नाही. मास्तरांनी चहा सोडला नाही, पण तो गार होईपर्यंत हातात धरून ठेवायची सवय लागली. शेजारणीने विचारलंच, "भाऊजी दाराआड का उभे असतात?" बायको म्हणाली, "लाजतात."

एका सकाळी आतून आवाज आला, "अहो, खाल्ली!"

"खरं?"

"जीभ टाकली नि माशी गायब. थांबा, हलू नका. दुसरी बघतोय. गेली! दुसरी पण गेली!"

मास्तरांनी डोळा फटीला लावला. पिल्लू फांदीवर होतं, अंगावर सकाळचा उजेड, शेपटी मोकळी सुटलेली. आणि हिरवं. पोटाकडे फिकं, पाठीवर गडद, गळ्याशी पिवळसर. मास्तरांचे डोळे सवयीने बारीक झाले, ओठ हलले. हा हिरवा त्यांनी कधी कालवला नव्हता, आणि फटीतून त्याचा निम्माच दिसत होता. राहवेना. त्यांनी हळूच मान बाहेर काढली.

पिल्लाचा एक डोळा वळला. झालं. एका श्वासात गळ्यापासून काळोख पसरला आणि ते पानामागे सरकलं.

"गेला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गेलात की येईल. निघा आता, गॅरेज आहे ना? हा माझ्यापाशी दिवसभर हिरवा असतो."

टोमणा होता की माहिती, हे ठरवत मास्तरांनी चपला घातल्या.

गॅरेजमध्ये मालक चंदेरी गाडीला यंत्र टेकवून उभा होता. "मास्तर, तुमचा विद्यार्थी काय म्हणतो?"

"खायला लागला."

"मग कुठला रंग?" डेंटरने हातोडी थांबवून विचारलं.

"मला बघितलं की काळा."

"त्यात काय, मालकही तसेच होतात," डेंटर म्हणाला, आणि मालक ऐकतोय हे लक्षात येताच जोरजोरात ठोकू लागला.

मास्तरांनी बादलीत पाणीपेपर बुडवला, चंदेरी गाडीच्या दारापाशी बसले आणि पुट्टी घासायला सुरुवात केली.