वाढ्याच्या पेंढीतल्या शेंगा

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी राहुरीजवळच्या एका वन्यप्राणी बचाव केंद्रात मदतीला जाऊ लागलो. तिथे माझ्याकडे पहिले काम आले ते एका माकडिणीचे. कोणीतरी तिला कित्येक वर्षे साखळीला बांधून पाळले होते. आता ती पिंजऱ्यात एकटी बसून उजव्या हाताने डाव्या हाताचे केस उपटत असे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की हे थांबले तरच तिला मोठ्या आवारातल्या टोळीत सोडता येईल. नाहीतर तिला एकटीलाच राहावे लागेल.

रानातल्या माकडाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात आणि सोलण्यात जातो. वाडग्यातले अन्न मात्र काही मिनिटांत संपते आणि पुढे सगळा दिवस रिकामा. म्हणून अन्न लपवून द्यायचे, हे तत्त्व मी शाळामास्तराच्या निष्ठेने अमलात आणले. बांबूची सहा नळकांडी टांगली, त्यांवर क्रमांक घातले आणि रोज बरोबर नऊ वाजता एकापासून सहापर्यंत क्रमाने हरभरे भरू लागलो.

चौथ्या दिवशी मी पोहोचलो, तेव्हा ती पहिल्या नळकांड्यापाशी बसून होती. मी नळकांडी भरताच पाच मिनिटांत सहाही रिकामी करून ती पुन्हा केस उपटू लागली.

पाथर्डीकडच्या एक ताई तिथे साफसफाईला होत्या. त्यांची उमेदीची वर्षे ऊसतोडीत गेली होती. झाडू टेकवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तिला टायमटेबल लावून दिलं व्हय?"

"सवय लागावी म्हणून."

"लागली की. आता हजेरी बी घ्या."

"तुम्ही काय केलं असतं?"

"आमी फडात कुत्र्यापासून भाकरी लपवायचो. रोज एकाच जागी ठिवली असती, तर उपाशीच ऱ्हायलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी नळकांडी भरली नाहीत. सकाळीच ताईंनी चितळांच्या चाऱ्यातले वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडची हिरवी पाने, उचलले. पानापानांत भुईमुगाच्या शेंगा खोचल्या आणि दोन पानांना पीळ देऊन पेंढी आवळली. ती गाठ मला अजून जमत नाही. पेंढी त्यांनी पिंजऱ्याच्या छताला, पार कोपऱ्यात अडकवली.

नऊ वाजले. माकडीण पहिल्या नळकांड्यापाशी बसून माझ्याकडे रागाने पाहू लागली.

"रुसली तुमची विद्यार्थिनी," ताई म्हणाल्या.

दहाच्या सुमारास तिला शेंगांचा वास लागला. मग दुपारपर्यंत ती एकेक पान ओढून, दातांनी चिरून, शेंग फोडत राहिली. दोन्ही हात गुंतलेले होते. पुढच्या दिवशी पेंढी पाण्याच्या टाकीमागे होती, त्याच्या पुढच्या दिवशी गवताखाली.

काही आठवड्यांनी तिच्या हातावर मऊ, करडी लव दिसू लागली. डॉक्टरांनी हात नीट तपासला आणि पिंजरा आणि मोठे आवार यांमधले दार उघडायला सांगितले.

टोळीत जाऊन ती भिंतीकडेला अंग चोरून बसली. थोड्या वेळाने एक म्हातारी माकडीण तिच्याजवळ आली, तिचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि नव्या केसांतून बोटे फिरवू लागली. आमच्या माकडिणीने हात मागे घेतला नाही.

"आता बगा," ताई हळूच म्हणाल्या, "तिचं ती बघंल."