कमळाकरचा जास्तीचा थर

आमच्या कमळाकर म्हात्रेचा हात पहिल्यापासून सढळ. कळंबोलीत त्याचं दुकान आहे. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून देतो. भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर टाकते, तसा हा प्रत्येक टायरला शेवटी एक जास्तीचा थर देतो. म्हणून तर आम्ही ट्रकवाले त्याला सोडत नाही.

त्याची लेक निशिगंधा इंजिनीयर. मैत्रिणींना घेऊन तिने एक लांबोडकी गाडी बांधली, कच्छच्या मिठाच्या रणात सरळ रेषेत वाऱ्याच्या वेगाने पळवायला. चालवणार ती स्वतः. त्या वेगाला बाजारातला टायर टिकेना, तेव्हा बापलेक दुकानातच टायर घडवायला बसले.

पहिला टायर चाचणीसाठी लोखंडी पिंजऱ्यात फिरवला. वेग वाढला आणि वरचं रबर सोलून जाळीवर आदळलं. इतक्या वेगात रबराचं वजनच त्याला बाहेर ओढतं, जितकं जाड तितका धोका, असं निशिगंधाने समजावलं. कमळाकरने मान डोलावली. पण ती जेवायला गेल्यावर या शहाण्याने दुसऱ्या टायरला गुपचूप एक थर चढवलाच. ट्रकवाल्यांना द्यायचं आणि पोटच्या पोरीला नाही, हे त्याला कसं जमावं? तोही टायर फाटला.

फाटक्या तुकड्याची जाडी बोटांनी जोखून ती शांतपणे म्हणाली, "बाबा, या चाकांवर मी बसनार हाय."

कमळाकरचा चेहरा उतरला. तिसरा टायर त्याने तिला समोर बसवून केला, पापडासारखा पातळ. शेवटी सवयीने हात रबराकडे गेला, तसा त्याने तो पाठीमागे धरला. इतका अवघडलेला कमळाकर मी कधी पाहिला नव्हता. तो टायर मात्र पिंजऱ्यात टिकला, मग बाकीचेही तसेच केले.

गाडी कच्छला नेली माझ्याच ट्रकने. ती सुटली तेव्हा कमळाकर खाली मिठाकडे बघत बसला होता. विक्रम काही झाला नाही, पण गाडी त्यांच्या अपेक्षेपेक्षा जोरात पळाली. थांबल्याबरोबर हा धावला, गुडघ्यांवर बसला आणि गरम चाकं चाचपू लागला. तेवढ्यात घरून त्याच्या बायकोचा, मालतीबाईचा, फोन आला, सगळं नीट आहे ना म्हणून.

"कुठं चीरपन नाय," हा म्हणाला. "रबर लावलं तसं हाय."

"अवो, मी पोरीचं इचारतेय."

कमळाकरने वर पाहिलं. निशिगंधा हेल्मेट काखेत धरून हसत उभी होती.

"तेच तर सांगतोय गो," तो म्हणाला, आणि तिथेच मिठात बसून रडायला लागला.